यांना गोड कोण चारतंय

३ मार्च

यांचं दुपारचं इन्सुलिन आता खाली बेकरीत क्रीमवालीच्या फ्रीजमध्ये राहतं, हे मला आज कळलं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. मी नेहमीसारखी हात धुऊन वर वाट बघत बसले, इन्सुलिनचं पेन शोधत राहिले, आणि हे आलेच नाहीत. खाली जाऊन बघते तर टोचून झालेलं आणि जेवणही अर्ध्यावर आलेलं. म्हणाले, गुडघे कुरकुरतात, भर दुपारी जिना चढवत नाही, पेन इथेच बरं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून तिने मान बाहेर काढली. म्हणाली, "वहिनी, मी आठवण करत जाईन दादांना. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?"

माझा जीव, माझा त्रास. हिला कोणी विचारलं होतं?

यांना स्वतःला टोचता येत नाही असं नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन हे स्वतःच घेतात, पलंगावर बसून, बातम्या बघत. पण दुपारचं, जेवणाआधीचं, अकरा वर्षं मीच टोचत आले. हे शर्ट वर करून उभे राहायचे, भट्टीवरच्या गमती सांगायचे, मी बटण दाबून दहापर्यंत मोजायचे आणि मग सुई काढायचे. सकाळ-संध्याकाळ मी दुकानाच्या काउंटरवर, हे मागे भट्टीपाशी. मध्ये गिऱ्हाइकं. दिवसभरात आम्ही एकमेकांच्या वाट्याला येत होतो ते तेवढेच.

हे कोणाला सांगणार? नणंदेला सांगितलं तर उद्या अख्ख्या नात्यात होईल. मैद्याच्या व्यापाऱ्याने दिलेली ही डायरी कोरी पडली होती. तिलाच सांगते.

५ मार्च

क्रीमवाली म्हणजे केक सजवणारी. जानेवारीपासून ठेवलीय. हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. साखरेची फुलं अशी काढते की गिऱ्हाईक कापायला तयार होत नाही. पण आल्या दिवशी "मालक" म्हणायची ती पंधरा दिवसांत "दादा"वर आली. म्हणायला काय जातं? "दादा, जरा चव बघा ना," म्हणून नोझलमधून क्रीमचा टिपका काढून पुढे करते. हे म्हणतात, मी फक्त जिभेला लावतो आणि थुंकतो. असतील थुंकत. मी काही बेसिनपाशी उभी नव्हते.

आज शर्ट धुवायला घेतला तर बाहीवर गुलाबी आयसिंग. बाहीला जीभ असते का?

९ मार्च

उपाय सापडला. यांच्या नव्या एप्रनला छातीवर खिसा शिवला. बरोब्बर पेनाच्या मापाचा, वर बटण, दुहेरी टाका. आज नवं पेन उघडलं आणि माझ्या हाताने आत ठेवलं. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये ठेवायची, उघडलेलं बाहेर चालतं, असं पुड्याच्या आतल्या कागदावर छापलंय. मी चष्मा लावून वाचलंय. मग हवाय कशाला कोणाचा फ्रीज?

हे खूश झाले. म्हणाले, बरं झालं, दरवेळी तिच्या खोलीत जायला नको. मी म्हटलं, तेच तर.

११ मार्च

क्रीमवालीला खिसा आवडलेला नाही. काउंटरवर येऊन हळू आवाजात म्हणाली, पेन माझ्याकडेच राहू दे ना वहिनी, गार राहतं. मी म्हटलं, गार राहायला ते काय आइस्क्रीम आहे? निघून गेली. एवढं लागायचं कारण काय, ते न समजण्याइतकी मी खुळी नाही.

दुपारचं टोचायला हे अजून वर येत नाहीत, ते राहिलंच. पण निदान पेन तिच्या हातचं नाही.

१९ मार्च

संध्याकाळची साखर दोनशे चाळीस.

सकाळी उठल्यावर मोजली तेव्हा नेहमीसारखी होती. म्हणजे वरून खाली जाताना बरी आणि खालून वर येताना चढलेली. मी गेले पाच-सहा दिवस दोन्ही वेळा मोजतेय, रोज हेच. डबा माझ्या हातचा. तेच जेवण, तोच डोस, तीच भट्टी. मग खाली नवीन काय आहे? नवीन एकच आहे, आणि तिच्या हातात नोझल आहे.

यांना सरळ विचारलं. शपथ घ्यायला निघाले. शपथ ज्याला घ्यावी लागते त्याचं पाणी कुठेतरी मुरत असतंच.

वर एप्रनचंही नुकसान. ट्रेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल यांनी त्याच खिशात ठेवली होती. भट्टीसमोर उभं राहून राहून ती वितळली आणि कापडाला चिकटून बसली. लाल डाग जात नाही. मी चांगली रागावले, की हा खिसा पेनासाठी आहे, हवं ते कोंबायला नाही. पेन पुसून परत ठेवलं.

२४ मार्च

यांचं काहीतरी बिनसलंय. हरवल्यासारखे बसतात. मी बोलते ते एका कानाने ऐकतात, आणि दुसऱ्यानेही सोडत नाहीत, मध्येच कुठेतरी अडकतं. रात्री दोनदोनदा उठतात, विचारलं तर म्हणतात लघवीला. तांब्याभर पाणी एका दमात पितात. पट्ट्याला नवं भोक पाडलं. पन्नाशीनंतर माणूस असा बारीक होतो तो कोणासाठी, हे मी सिनेमात पुष्कळ बघितलंय.

आज तर कहर. मागे गेले तर दोघांची डोकी एका कागदावर. ती ऑर्डरची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवतेय आणि हे मान डोलावतायत. मला बघून म्हणाले, अक्षरं पुसट दिसतात गं हल्ली. मी समोर काउंटरवर बसलेली असते, मला हाक मारता आली नसती? मला वाचता येत नाही का?

तळपायाची आग मस्तकात गेली, पण गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे जावं लागलं.

२५ मार्च

डॉक्टरांकडे. आकडे बघून त्यांनी भुवया चढवल्या. खाण्यात काही बदल? हे म्हणाले, काही नाही. मी छताकडे बघितलं. डॉक्टरांनी माझं बघणं बघितलं आणि यांच्याकडे वळून म्हणाले, बेकरीत राहून जिभेला लगाम घालणं अवघड आहे, मला कळतं, पण लपवू नका. हे लाल झाले. मला फार बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूचं निघालं.

निघताना त्यांनी विचारलं, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवता ना? मी म्हटलं, हो तर, फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात अख्खा पुडा आहे. नेहमी तिथेच असतो.

दुपारचा डोस आठचा बारा केला.

२९ मार्च, रविवार

आज परीक्षा घेतली. यांची नव्हे, तिची.

रविवारी बेकरी बंद. मी जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि यांना सांगितलं, आज घरात आराम. तिन्ही वेळा माझ्या हातचं खाल्लं, माझ्या डोळ्यांसमोर. दुपारी मीच टोचलं, कित्येक दिवसांनी. बारा युनिट, दहापर्यंत मोजलं. हे मात्र मागच्यासारखं बोलले नाहीत. भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते.

संध्याकाळी मोजली. दोनशे सत्तर.

मी सोफ्यावर बसूनच राहिले. ती इथे नाही, क्रीम नाही, नोझल नाही, दाराला कडी. मग ही चढली कशाने? कुठून?

मग लक्षात आलं. मी अंघोळीला गेले होते. तेवढी पंधरा मिनिटं पुरतात. यांचा कोट झटकला, गादी उचलली, जुन्या बुटांत हात घातला. बुटात एक मोजा निघाला, बाकी काही नाही. आदल्या दिवशीच काहीतरी पुडी देऊन ठेवली असणार, आणि संपवलीही असणार. कागदसुद्धा शिल्लक ठेवला नाही. किती पक्की आहे बाई.

३१ मार्च

मागच्या खोलीच्या दाराला वर काच आहे. पाव ठेवायच्या रिकाम्या क्रेटवर उभं राहिलं की आतलं दिसतं.

हे तिच्या टेबलापाशी उभे होते. क्रीमचं भांडं समोर. यांनी बोट पुढे केलं, आणि तिने चमच्याने यांच्या हातावर हलकेच चापट मारली आणि भांडं उचलून दुसरीकडे ठेवलं. हे हसले. ती डोळे वटारून काहीतरी म्हणाली. लाडात.

क्रेट हलला म्हणून उतरले. गुडघा खरचटला. माझ्या गुडघ्यांची चौकशी कोणी करत नाही.

१ एप्रिल

खिशातून पेन काढून बघितलं. किती उरलंय ते बघायला काचेची खिडकी असते, तिच्यातलं औषध जरा धुरकट दिसलं. पिठाचा हात लागला असणार. ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं. तरी तसंच. चष्म्याचा नंबर वाढला असावा. यांचाही वाढलाय, माझाही. दोघं एकदमच म्हातारे होतोय, पण एक जण दुसऱ्याच कोणाच्या बाजूला बसून.

३ एप्रिल

यांच्या अंगठ्याला ट्रे लागून झालेली चीर भरतच नाही. डॉक्टर आज चढ्या आवाजात बोलले. असंच चाललं तर पाय, डोळे, काहीही धोक्यात येईल. डोळ्यांची तपासणी लिहून दिली. डोस अठरा. म्हणाले, तरी उतरली नाही तर आठवड्याने दवाखान्यात ठेवून घेईन.

घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "तूसुद्धा मला खोटारडा समजतेस ना?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही. यांनी किल्ली काढली आणि दार उघडलं.

मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय. रागावणं सोपं असतं, त्याच्या आड बसता येतं. पण आज यांचा हात हातात घेतला तर साबणाची वडी झिजते तसा लहान झालेला लागला.

४ एप्रिल

शेवटी मी बोलले. तिला काढा. ती गेली की साखर उतरते की नाही बघू.

हे म्हणाले, ती मला काही देत नाही. मी म्हटलं, मग कोण देतं? केक कोण करणार, लग्नाच्या ऑर्डरी घेतल्यात, तिच्या घरी कमावणारी ती एकटीच आहे, असं सगळं सांगून झालं. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांपेक्षा तिचं घर जास्त? हे म्हणाले, ठीक आहे, पुढचा आठवडा संपला की सांगतो.

जिंकले. जेवणातला ब्रेड मी आजपासून बंद केलाय. दुपारी फक्त उकडलेल्या भाज्या. मी आता कुठलीच फट ठेवणार नाही.

संध्याकाळी ती काउंटरवर आली. म्हणाली, दादांची तब्येत उतरत चाललीय वहिनी, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा ना एकदा. डोळ्यांत पाणी होतं. बघा, माझ्या नवऱ्यासाठी हिच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या शनिवारपर्यंत काय रडायचं ते रडून घे म्हणावं.

५ एप्रिल

पेन संपलं. उद्या फ्रीजमधलं नवीन काढायचं.

७ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. हे आत झोपलेत. ठीक आहेत, हे आधी लिहून टाकते.

काल दुपारी नवीन पेन घेऊन मी स्वतः खाली गेले. अठराचा आकडा लावला, मीच टोचलं, दहापर्यंत मोजलं. भाज्यांची वाटी समोर ठेवली. हे म्हणाले, भूक नाही फारशी, अर्ध्या खातो. मी म्हटलं बरं, आणि वर भांडी घासायला गेले.

दोनच्या सुमाराला काउंटर उघडायला उतरले. केकच्या खोक्यांसाठी मागे गेले. दार लोटलेलं होतं.

हे जमिनीवर बसले होते, टेबलाच्या पायाला टेकून. ती यांच्या शेजारी गुडघ्यांवर. तिचा एक हात यांच्या मानेखाली आणि दुसऱ्या हाताचं बोट यांच्या तोंडात. यांच्या ओठांना गुलाबी आयसिंग. डोळे अर्धे मिटलेले, आणि हे ते बोट चोखत होते.

महिनाभर मी काचेतून, कोटाच्या खिशातून, गादीखालून जे शोधत होते ते समोर बसलं होतं. मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर आनंद झाला. सापडलं एकदाचं. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. भांडं उपडं झालं. ती मागे पडली, यांची मान एका बाजूला कलली. मी मनगट सोडलं नाही.

ती ओरडली नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "वहिनी, दादांची साखर उतरलीय. घाम बघा त्यांचा. मला नंतर काय मारायचं ते मारा. आधी हात सोडा."

मग मी यांच्याकडे बघितलं. शर्ट ओला पिंप. ओठ थरथरत होते. माझ्या नावासारखं काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, पण शब्द लागत नव्हता. साखर उतरल्याची ही लक्षणं अकरा वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत आलेय. नणंदेला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना. पण महिनाभर माझ्या डोक्यात फक्त चढलेली साखर होती, आणि एक नोझल.

मी हात सोडला. तिने जमिनीवरचं नको म्हणून आयसिंगची नवी पिशवी फोडली, बोटावर घेतलं, यांच्या गालाच्या आतून चोळलं. गिळा दादा, गिळा, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी काहीच केलं नाही. भिंतीला टेकून उभी होते. समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने गाडी काढली तेव्हा सुद्धा यांना उचलायला तीच पुढे झाली.

दवाखान्यात पोचल्यावर मोजली तर पंचेचाळीस. एवढं चारल्यावर पंचेचाळीस. म्हणजे मी मनगट धरून बसले होते तेव्हा किती असेल, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

संध्याकाळी आमचे डॉक्टर आले. नवीन पेन आजच उघडलं का, असं पहिलं विचारलं. मग जुनं कुठे ठेवत होतात? हे म्हणाले, खिशात. कुठल्या? एप्रनच्या. आणि एप्रन घालून कुठे उभे असता? भट्टीसमोर.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, उघडलेलं पेन बाहेर चालतं ते साध्या खोलीत, भट्टीच्या तोंडाशी नाही. त्या उष्णतेने इन्सुलिन मरतं. पेन तेच दिसतं, बटण तसंच दाबलं जातं, पण आत निव्वळ पाणी. "तुम्ही महिनाभर पाणी टोचत होतात आणि मी पाण्याचा डोस वाढवत होतो. आज जिवंत इन्सुलिन गेलं, तेही दुपटीहून जास्त, आणि पोटात अर्धी वाटी भाजी."

मग बराच वेळ समजावत राहिले. जेवण तेच, काम तेच, डोस तोच, आणि तरी साखर चढत गेली तर औषधाने काम सोडलंय का ते आधी बघायचं. हे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. धुरकट दिसलं, तार आली, कण दिसले, तर पेन फेकून द्यायचं. आणि खराब पेन बदलून नवीन घेताना वाढवलेला डोस तसाच टोचायचा नाही, आधी फोन करायचा.

"माणसावर संशय घ्यायच्या आधी पेनावर घ्यायचा," ते म्हणाले. "मीसुद्धा यांच्या जिभेवरच घेतला. चुकलंच माझं."

मी म्हटलं, ते धुरकट झालं होतं. मी फडक्याने पुसलं. खिसाही मीच शिवला.

एक लिहायचं राहिलं. निघताना डॉक्टरांनी विचारलं, वेळेवर साखर कोणी दिली? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "बायकोने. ही नसती तर गेलो होतो मी."

ती दारातच उभी होती, बाहीवर सगळं गुलाबी वाळलेलं. मी तिच्याकडे बघितलं. ती डॉक्टरांना म्हणाली, "हो, वहिनी होत्या म्हणून." आणि बेकरी बंद करायची आहे म्हणून निघून गेली.

मी काही बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, शाबास.

८ एप्रिल

घरी आलो. दुपारचा डोस पुन्हा आठ, संध्याकाळची साखर एकशे साठ. महिन्याभरात पहिल्यांदा.

नणंदेचा फोन आला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला म्हणाली, "वहिनी, तुमच्यामुळे माझा भाऊ वाचला." चष्मेवाला विचारायला आला, त्यालाही यांनी तेच सांगितलं. खोटं एवढं गोड लागतं हे मला माहीत नव्हतं. मी चहा दिला, बिस्किटं दिली, मान खाली घालून बसले. नम्र दिसत असेन.

खाली जाऊन क्रीमवालीला सांगितलं, की शनिवारचं विसर. तिने विचारलं, शनिवारी काय होतं? म्हणजे यांनी तिला काही सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, दुपारचं पेन तुझ्या फ्रीजमध्ये ठेवतेय. बरं म्हणाली. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे निळे वळ आहेत. बाही ओढून घेतली तिने.

तिने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

१० एप्रिल

दोन दिवस हे माझ्याकडे बघतायत. मी ताट मांडताना, केस विंचरताना. असं यांनी कितीतरी वर्षांत बघितलेलं नाही. मला हेच तर हवं होतं, पण ते पचत नाहीये. कारण ते बघणं माझं नाही. ते तिचं आहे. तिने वाचवलं म्हणून हे असे बघतायत, फक्त पत्ता चुकून माझ्याकडे आलंय. आणि तिचं उष्टं काही मला नको, मग ते यांचं बघणं का असेना.

खरं सांगितलं तर ते बघणं उठून तिच्याकडे जाणार. नाही सांगितलं तर रोज माझ्याच घरात, माझ्या तोंडाकडे बघून हे तिलाच बघणार. दोन्हीकडून माझंच नुकसान. सकाळपासून हाच हिशोब करतेय, दूध उतू गेलं.

दुपारी खाली गेले. हे शर्ट वर करून उभे राहिले. आठ युनिट. दहापर्यंत मोजलं आणि सुई बाहेर काढली की सांगायचं असं ठरवलं होतं, पण सातवरच तोंडातून गेलं.

"तुम्हाला साखर मी नाही चारली. तिने चारली. मी तिचा हात धरून ओढत होते."

हे म्हणाले, "सुई काढ आधी."

काढली.

"मला माहीत आहे," हे म्हणाले. "मी काही मेलो नव्हतो. दिसत होतं मला. बोलता येत नव्हतं एवढंच."

मी म्हटलं, मग डॉक्टरांना तसं का सांगितलंत? शर्ट खाली करत म्हणाले, त्यांनी पुढे विचारलं असतं, तुम्ही कुठे होतात बाई? मग तू काय सांगितलं असतंस? आधीच खिशाचं कळल्यापासून तुझा चेहरा बघवत नव्हता. तुला घरी घेऊन यायचं होतं मला.

मी खुर्चीत बसले. रडू येत होतं, आलंही. यांनी एप्रनने माझे डोळे पुसले, तर डोळ्यांत मैदा गेला. आणि मैद्याने डोळे चुरचुरत असताना मला एकदम सुचलं, की डॉक्टरांसमोर हे एक वाक्य बोलले आणि दारातून तिने दुसरं जोडलं. न अडखळता. एका क्षणात.

"हे तुम्ही दोघांनी ठरवलंत कधी?" मी विचारलं.

हे हसायला लागले. महिनाभरात पहिल्यांदा असे हसले, पोट धरून, टोचलेली जागा दुखेपर्यंत. मागच्या खोलीत क्रीम फेटायचा आवाज थांबला.

"ठरवायचं काय त्यात?" हे म्हणाले. "तुला आता तीही ओळखते."